टुरिंग कार शर्यत

शोरूममध्ये विकत मिळणाऱ्या, किमान चार माणसे बसतील अशा बंद टपाच्या गाड्यांमध्ये फेरफार करून बंदिस्त ट्रॅकवर लावली जाणारी शर्यत. इंग्लंडमध्ये या गाड्यांना लाडाने ‘टिन-टॉप’, म्हणजे पत्र्याच्या टपाच्या, असे म्हणतात. फॉर्म्युला वनची गाडी शर्यतीसाठीच जन्माला येते. टुरिंग कार मात्र दारात उभ्या असलेल्या गाडीची सख्खी बहीण असते, निदान असावी अशी अपेक्षा असते. ती कितपत सख्खी असावी, यावर या खेळातली बहुतेक भांडणे झालेली आहेत. नियमपुस्तके पुन्हा पुन्हा बदलली तीही याच कारणाने.

ब्रिटनमधली मालिका 1958 साली ‘ब्रिटिश सलून कार चॅम्पियनशिप’ या नावाने सुरू झाली आणि 1987 पासून ‘ब्रिटिश टुरिंग कार चॅम्पियनशिप’ (बीटीसीसी) म्हणून ओळखली जाऊ लागली. इंजिनाच्या आकारानुसार गाड्यांचे गट पाडलेले असत आणि गुण आपापल्या गटातल्या क्रमांकावर मिळत. त्यामुळे मोठ्या जॅग्वारच्या कितीतरी मागे शर्यत संपवणारी छोटी गाडीही वर्षाअखेर विजेती ठरू शके. पहिल्याच वर्षी त्याचा पेच पडला. ऑस्टिन चालवणारा जॅक सीअर्स आणि जॅग्वार चालवणारा टॉमी सॉपविथ यांचे गुण सारखे झाले. नाणे उडवून निकाल लावावा अशी सूचना आली, ती दोघांनाही पटली नाही. शेवटी ब्रँड्स हॅच ट्रॅकवर दोन एकसारख्या रायली गाड्या आणल्या गेल्या. पाच फेऱ्या झाल्यावर दोघांनी गाड्यांची अदलाबदल केली आणि पुन्हा पाच फेऱ्या मारल्या. दोन्ही शर्यतींच्या एकूण वेळेत सीअर्स 1.6 सेकंदांनी पुढे निघाला. गाडीचा वाटा वजा करून चालकाचे कसब मोजण्याची इतकी सरळ रीत या खेळात नंतर क्वचितच दिसली.

युरोपीय मालिका 1963 मध्ये, तर जर्मनीत आजच्या डीटीएम या मालिकेची पूर्वज 1984 मध्ये सुरू झाली. त्या पहिल्या जर्मन मोसमाचा विजेता फोल्कर श्ट्रीसेक याने वर्षभरात एकही शर्यत जिंकली नव्हती. सातत्याने वरचे क्रमांक पटकावूनच त्याने मालिका नेली.

होमोलोगेशन

या खेळाचा कणा म्हणजे होमोलोगेशन. शर्यतीत उतरवायचे मॉडेल कंपनीने ठरावीक संख्येने बनवून आम ग्राहकांना विकले आहे, याची अधिकृत नोंद म्हणजे होमोलोगेशन. 1982 पासून लागू झालेल्या ‘ग्रुप ए’ नियमांत ही संख्या वर्षाला 5,000 होती. त्यानंतर सुधारित आवृत्ती काढायची असेल तर आणखी 500 गाड्या पुरत. हेतू चांगला होता. कंपन्यांनी शर्यतीसाठी एखादेच अचाट यंत्र बनवू नये, जे बनवतील ते दुकानात ठेवावे. झाले उलटेच. शर्यतीला जे हवे तेच दुकानात मांडले जाऊ लागले.

1987 ची फोर्ड सिएरा आरएस500 कॉसवर्थ हे त्याचे सर्वांत बोलके उदाहरण. अशा 500 गाड्या बनल्या. चार सिलिंडरच्या इंजिनाला इंधन फवारणारे चार इंजेक्टर पुरेसे असतात. या गाडीच्या इनटेकवर, म्हणजे हवा आत घेणाऱ्या नळीवर, मात्र आठ होते आणि त्यातले चार रस्त्यावरच्या गाडीत जोडलेलेच नव्हते. ते कंपनीने ग्राहकाच्या गाडीत बसवून दिले ते नोंदीत यावेत म्हणून, आणि चालू झाले फक्त ट्रॅकवर. तिथे तेच इंजिन 500 अश्वशक्तीच्या पुढे गेले. बॉनेट उघडून आपल्याच गाडीत चार बिनकामाचे इंजेक्टर पाहणारा मालक एका अर्थाने फोर्डच्या शर्यत विभागाचे सामान सांभाळत होता. बीएमडब्ल्यूच्या पहिल्या एम3 मध्ये मागच्या काचेचा कोनसुद्धा बदललेला आहे. साध्या 3 सिरीजवर ती काच जास्त उभी होती. वारा मागच्या स्पॉयलरवर, म्हणजे गाडी रस्त्याला दाबून धरणाऱ्या पंखावर, नीट यावा म्हणून ती अधिक तिरपी केली आणि डिकीचे झाकण वर उचलले. रोज कामावर जाणाऱ्या माणसाला त्याचा काडीचाही उपयोग नव्हता.

1994 साली आल्फा रोमिओने याहून पुढची चलाखी केली. 155 या मॉडेलच्या खास आवृत्तीसोबत स्पॉयलर वाढवायचे जास्तीचे तुकडे दिले होते, पण बसवून नव्हे, तर डिकीत ठेवून. ग्राहकाला दिले म्हणजे नियम पाळला, असा त्यांचा युक्तिवाद होता. प्रतिस्पर्ध्यांनी तक्रार केली, ती वरपर्यंत गेली आणि आल्फाचा संघ ओल्टन पार्क ट्रॅकवरची फेरी सोडून निघून गेला. पुढे तोडगा निघाला, संघ परतला आणि गाब्रिएले तार्क्विनीने त्या वर्षीची बीटीसीसी जिंकलीही. त्याच मोसमात व्होल्वोने चक्क 850 इस्टेट, म्हणजे सामानसुमान आणि कुत्रा मागे घालून सहलीला जायची लांबलचक गाडी, शर्यतीत उतरवली. लोक हसले. मग एका संचलन फेरीत व्होल्वोवाल्यांनी मागच्या भागात भुसा भरलेला कुत्रा ठेवून चाहत्यांनाही त्या थट्टेत सामील करून घेतले. पुढच्या वर्षी मात्र इस्टेट जाऊन सेदान आली, कारण नव्या नियमांनी मागे पंख लावायची मुभा दिली होती.

ट्रॅकवरचा दोष, घरचा दोष

टुरिंग कारचा चाहता बहुधा हाताला ग्रीस लागलेला माणूस असतो. त्याचे कारण वरच्या नियमातच आहे. गाडी एकच असेल तर तिची दुखणीही एकच असणार. लोटस कॉर्टिना हे नाव घेतले की फॉर्म्युला वनचा विजेता जिम क्लार्क आठवतो. 1964 ची ब्रिटिश मालिका त्याने या गाडीवर जिंकली. वळणात तिचे आतले पुढचे चाक हवेत उचललेले असे आणि तो निवांत दिसे. पण जुन्या मालकाला आठवते ते डिफरेन्शियलचे, म्हणजे वळणात दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या गिअरपेटीचे, तेल. मागचा अॅक्सल जागेवर धरणारा ए-आकाराचा दांडा थेट डिफरेन्शियलच्या घरालाच जोडलेला होता. वळणाचा सगळा ताण त्या घरावर येई, बोल्ट ढिले होत, तेल झिरपे आणि ते खालच्या रबरी बुशवर उतरून बुश फुगवे. बुश गेले की गाडीची मागची बाजू हलू लागे. शर्यतीत जे एका दुपारी दिसे, ते घरच्या गाडीत काही महिन्यांनी दिसे. 1965 मध्ये कंपनीने ती रचना काढून साधे पाटे बसवले.

मिनी या छोट्या ब्रिटिश गाडीचा किस्सा पावसाचा आहे. इंजिन आडवे बसवल्यामुळे तिचा स्पार्क प्लगांना करंट वाटणारा डिस्ट्रिब्यूटर, ज्याला आपल्याकडचे जुने मेकॅनिक डेल्को म्हणतात, थेट पुढच्या जाळीमागे आला. समोरच्या गाडीने उडवलेले पाणी सरळ त्याच्यावर येई, करंट गाडीच्या पत्र्यात उतरे, गाडी मिसिंग करू लागे आणि बंद पडे. त्यावर मालकांनी एकमेकांना सांगितलेला उपाय रबरी हातमोज्याचा. डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीतून पाच वायरी निघतात, चार प्लगच्या आणि एक कॉइलची. हातमोज्याला बोटेही पाचच. प्रत्येक बोटाचे टोक कापायचे, त्यातून एकेक वायर ओढायची आणि मनगटाची बाजू टोपीवर घट्ट चढवायची. भांडी घासायच्या मोज्याने 1961 पासून पाच वेळा ब्रिटिश मालिका जिंकणाऱ्या गाडीची लाज राखली, असे म्हणायला हरकत नाही.

ब्रेकचे गणित तर दोन्हीकडे अक्षरशः सारखे आहे. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते. डॉट 4 दर्जाचे ताजे ऑइल किमान 230 अंश सेल्सियसपर्यंत उकळू नये असे मानक आहे. पाणी शोषलेल्या ऑइलसाठी तीच किमान मर्यादा 155 अंशांवर येते. उकळले की पाइपात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, पण वाफ दाबली जाते. म्हणून पेडल स्पंजासारखे आत जाते आणि गाडी थांबत नाही. शर्यतीचे संघ ऑइल सतत बदलतात ते यासाठी. आंबोलीचा घाट भरल्या गाडीने उतरताना पेडल मऊ लागले तर कारण हेच असते. ब्रेक ऑइल ‘कमी झाले नाही ना’ एवढेच पाहून बाटली परत ठेवणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. ते जुने किती, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही.

दोन शर्यतींमधला वेळ

बीटीसीसीत एका रविवारी तीन छोट्या शर्यती होतात. तिसरीची सुरुवातीची रांग सोडत काढून उलटी लावतात, म्हणजे दुसऱ्या शर्यतीत पुढे आलेल्यांपैकी काहींना मागून निघावे लागते. जिंकणाऱ्या गाडीवर बराच काळ जास्तीचे वजनही लादले जाई. 2022 ते 2024 या काळात त्याऐवजी हायब्रिड यंत्रणेच्या, म्हणजे विजेच्या जास्तीच्या जोराच्या, वापरावर मर्यादा होती. हे सगळे घोळका एकत्र राहावा म्हणून. घोळका राहतो आणि घासाघाशीही होते. दरवाजाला दरवाजा लावून वळण घेणे इथे गुन्हा समजत नाहीत, फार तर असभ्यपणा समजतात.

त्यामुळे खरी पाहण्यासारखी गोष्ट पॅडॉकमधल्या, म्हणजे ट्रॅकशेजारच्या संघांच्या तळावरच्या, तंबूत असते. गाडी जॅकवर चढते. चेपलेला बंपर काढून दुसरा लावला जातो, नसेल तर फाटलेल्या कडा चिकटपट्टीने बांधतात. पत्रा चाकाला लागत असेल तर ठोकून मागे सारतात, रंगाची फिकीर कोणी करत नाही. सगळ्यात महत्त्वाचे असते चाकाचे अलाइनमेंट. धक्क्याने टाय रॉड, म्हणजे स्टिअरिंगपासून चाकापर्यंतचा दांडा, वाकला असेल तर स्टिअरिंग सरळ धरूनही गाडी एका बाजूला ओढते. तो बदलल्यावर गाडीच्या दोन्ही अंगांना समांतर दोऱ्या ताणतात, गवंडी भिंत धरताना लावतो तशा, आणि पोलादी पट्टीने रिमची पुढची कड नि मागची कड दोरीपासून किती दूर आहे ते मोजतात. दोन्ही मापांतला फरक म्हणजे टो. संगणकाचे जाळे अंगभर असलेल्या गाडीसाठीही दोरी आणि पट्टी हीच हुकमी साधने राहिली. अंगणात, सपाट फरशीवर, हेच काम कुणालाही करता येते. फक्त दोऱ्या समांतर लावायला जो वेळ लागतो तो आधी धरून चालावे.

बाथर्स्ट

ऑस्ट्रेलियातल्या माउंट पॅनोरमाच्या 6.213 किलोमीटरच्या ट्रॅकवर 161 फेऱ्यांची ‘बाथर्स्ट 1000’ होते. एरवी हा साधा डोंगरी रस्ता असतो. त्यावर ताशी 60 किलोमीटरची मर्यादा असते आणि आजूबाजूचे रहिवासी तोच वापरतात. 1980 मध्ये आघाडीवर असलेल्या डिक जॉन्सनच्या फोर्ड फाल्कनपुढे ट्रॅकवर एक धोंडा आला आणि गाडी मोडली. त्याने सारे काही या गाडीत घातले होते. टीव्हीवर त्याची अवस्था पाहून लोकांनी वर्गणी पाठवली, तेवढीच भर फोर्डने घातली आणि पुढच्याच वर्षी जॉन फ्रेंचच्या साथीने तो बाथर्स्ट जिंकला. फोर्डवाले आणि होल्डन या ऑस्ट्रेलियन गाड्यांचे चाहते अशी घराघरांत पडलेली ऑस्ट्रेलियाची फाळणी मात्र कारखान्यांपेक्षा जास्त टिकली. फोर्डने तिथले उत्पादन 2016 मध्ये थांबवले, होल्डनने 2017 मध्ये.

उतरण आणि टीसीआर

जेव्हा जेव्हा ट्रॅकवरची गाडी दारातल्या गाडीपासून फार दूर गेली, तेव्हा मालिका कोसळली. डीटीएममधून आंतरराष्ट्रीय झालेली आयटीसी (इंटरनॅशनल टुरिंग कार चॅम्पियनशिप) 1996 च्या मोसमानंतर संपली. गाड्या बाहेरून ओपेल, आल्फा आणि मर्सिडीज होत्या, आतून महागडी प्रयोगशाळा. खर्च न पेलल्याने ओपेल आणि आल्फा बाहेर पडल्या आणि एकट्या मर्सिडीजशी शर्यत कोण लावणार? दोन लिटरच्या ‘सुपर टुरिंग’ गाड्यांचेही 2000 च्या सुमारास ब्रिटनमध्ये हेच झाले.

यावर दोन उपाय निघाले. बीटीसीसीने 2011 पासून आणलेल्या नियमांत सबफ्रेम (इंजिन आणि चाके धरणारा सांगाडा), गिअरबॉक्स, ब्रेक असे महागडे भाग सगळ्यांना सारखेच दिले. खर्च आटोक्यात आला, पण ट्रॅकवरच्या गाडीखाली वाकून पाहिले तर आपल्या गाडीतले फारसे काही सापडत नाही. दुसरा उपाय मार्चेल्लो लोत्ती यांची टीसीआर ही नियमावली. 2015 मध्ये तिचा पहिला मोसम झाला. पुढच्या चाकांवर चालणारी, दोन लिटर टर्बो इंजिनाची, साधारण 350 अश्वशक्तीची गाडी कंपनीने बनवायची आणि खासगी संघांना विकायची. काही गाड्या तर शोरूमच्या मॉडेलमधल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससह मिळत. 1994 चा तोच तार्क्विनी 2018 मध्ये वयाच्या 56 व्या वर्षी ह्युंदाई आय30 एन टीसीआर चालवून जागतिक चषक जिंकला.

भारतात

भारतातल्या सलून गाड्यांच्या शर्यती प्रामुख्याने तमिळनाडूत वाढल्या. आधी चेन्नईजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर, मग 1990 पासून इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर आणि पुढे कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर. शोलावरमला धावणाऱ्या फियाट मुंबईत कुर्ल्याला बनलेल्या असत. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीही त्याच. त्यामुळे त्यांचे इंजिन डोळे मिटून खोलणारे हात शर्यतीच्या कितीतरी आधी टॅक्सीच्या गॅरेजांत तयार झाले होते. पुढे राष्ट्रीय स्पर्धेत ‘इंडियन टुरिंग कार्स’ हा स्वतंत्र वर्ग आला. 2010 मध्ये सुरू झालेल्या पोलो कपची फोक्सवॅगन पोलोही पुण्याजवळच्या चाकणमध्ये बनलेलीच. महाराष्ट्राचा स्वतःचा ओढा ट्रॅकपेक्षा रॅलीकडे अधिक राहिला आणि त्यात नाशिकचे नाव आघाडीवर आहे.