एनर्जी मॅनेजर की एनर्जी ऑडिटर? चौथ्या पेपरमुळे होणारा गोंधळ

ऊर्जा बचतीच्या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या मुलामुलींना मी नेहमी विचारतो, मॅनेजर व्हायचंय की ऑडिटर? बहुतेकांचं उत्तर एकच असतं: "आधी मॅनेजर, मग ऑडिटर." एकाच जिन्याच्या या दोन पायऱ्या आहेत, असं त्यांना वाटतं. त्यांना दोष देता येत नाही. परीक्षाच तशी आहे.

ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. त्याखाली २००२ मध्ये ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी, म्हणजे बीईई, सुरू झाली. बीईईच्या राष्ट्रीय परीक्षेत पहिले तीन पेपर दोघांनाही सारखेच असतात: सर्वसाधारण ऊर्जा व्यवस्थापन, मग बॉयलर-भट्टीसारखी औष्णिक यंत्रणा, मग मोटर-पंप-कॉम्प्रेसरसारखी विद्युत यंत्रणा. हे तीन सुटले की एनर्जी मॅनेजर. यंत्रांची कामगिरी मोजण्याचा चौथा पेपर, जो पुस्तक उघडून लिहिता येतो, तोही सुटला की एनर्जी ऑडिटर. एक पेपर जास्त म्हणजे हुद्दा वरचा, असा अर्थ मग आपोआप लावला जातो. प्रत्यक्षात ही दोन वेगळी कामं आहेत आणि दोन्हींना लागणारा स्वभावही वेगळा आहे.

हवा दाबून यंत्रांना पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरच्या रूमचं उदाहरण घ्या. ऑडिटर बाहेरून येतो, थोडेच दिवस राहतो. पॉवर अ‍ॅनालायझर लावून वीज किती लागते ते मोजतो, गळती शोधायला अल्ट्रासॉनिक यंत्र घेऊन पाइपलाइनच्या कडेनं फिरतो. रविवारी कारखाना बंद असताना तो फक्त कॉम्प्रेसर चालू करायला सांगतो आणि हातात घड्याळ धरतो. हवा कोणीच वापरत नाही, तरी मशीन ३ मिनिटं लोडवर, म्हणजे हवा भरत, आणि ७ मिनिटं अनलोडवर, म्हणजे हवा न भरता नुसतंच, चालतंय. म्हणजे कॉम्प्रेसरच्या क्षमतेच्या ३० टक्के हवा नुसत्या गळतीत जातेय. दाब ८ बारवरून ७ वर आणला तर साधारण ६-७ टक्के वीज वाचेल, हेही तो अहवालात लिहितो. खर्च किती, वाचेल किती, पैसे किती महिन्यांत वसूल होतील याचा तक्ता जोडतो आणि पुढच्या कारखान्याला जातो. नजर ताजी असल्यामुळे आतल्या माणसाला वर्षानुवर्षं न दिसलेलं त्याला तासाभरात दिसतं. ही फार मोठी ताकद आहे.

पण गळती बंद केली, दाब ७ वर आणला आणि तीन महिन्यांनी पाहिलं तर काटा पुन्हा ८ वर. असं मी स्वतः पाहिलंय. ज्यानं दाब वाढवला त्या ऑपरेटरवर चिडून उपयोग नव्हता. लाइनच्या टोकाला असलेलं एक मशीन कमी दाबावर अडखळत होतं आणि त्याचं उत्पादन थांबलं की बोलणी त्यालाच खावी लागत होती. खरं दुखणं तिथवर जाणाऱ्या बारीक पाइपमध्ये होतं. हे शोधणं, मेंटेनन्सला पटवणं, शटडाउनमध्ये पाइप बदलून घेणं आणि मग दाब ७ वर टिकवणं हे मॅनेजरचं काम. त्याला यंत्रांइतकीच माणसं कळावी लागतात. महिन्याच्या वीजबिलातला पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेली वीज किती कामी आली याचं माप, आणि विजेची कमाल मागणी त्याला तोंडपाठ असते. एका टन मालामागे किती ऊर्जा लागली, हा आकडा त्याचा.

कायदाही दोघांना वेगळ्या जागी उभं करतो. सिमेंट, पोलाद, कागद, कापड अशा क्षेत्रांतले ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त ऊर्जा वापरणारे कारखाने 'नामनिर्देशित ग्राहक' ठरतात. सिमेंटला ही मर्यादा वर्षाला ३० हजार टन तेलाइतक्या ऊर्जेची, कापडाला ३ हजार टनांची. अशा कारखान्याला एनर्जी मॅनेजर नेमावाच लागतो. महाराष्ट्रात या कायद्याच्या अंमलबजावणीचं काम राज्याच्या वतीनं महाऊर्जा ही सरकारी संस्था पाहते.

कायद्यानं सक्तीचं असलेलं ऑडिट मात्र मान्यताप्राप्त ऑडिटरच करू शकतो. नुसता चौथा पेपर सुटून ही मान्यता मिळत नाही. ऑडिटचा पाच वर्षांचा अनुभव लागतो, त्यातली तीन वर्षं ऊर्जाप्रधान उद्योगातली असावी लागतात आणि बीईईकडे वेगळा अर्ज करावा लागतो. 'प्रमाणित' (नुसती परीक्षा सुटलेला) आणि 'मान्यताप्राप्त' हे शब्द नोकरीच्या जाहिरातीत एकमेकांच्या जागी पडलेले दिसतात, ते नीट वाचा.

माझं मत विचाराल, तर सुरुवातीची दोन-तीन वर्षं ऑडिटच्या टीमबरोबर फिरा. साखर कारखान्याचा बॉयलर, फाउंड्रीची भट्टी, हॉस्पिटलचा चिलर हे सगळं इतक्या लवकर दुसरीकडे कुठेच पाहायला मिळत नाही. मात्र त्यातला एखादा कारखाना असा निवडा, जिथे वर्षभरानं परत जाऊन आपल्या शिफारशींपैकी किती अजून चालू आहेत हे विचारता येईल. ती उत्तरं ऐकताना तुम्हाला पुढच्या कारखान्याची ओढ लागते की तिथेच थांबून दुरुस्त करावंसं वाटतं, याकडे लक्ष द्या आणि मग चौथ्या पेपरचा फॉर्म भरायचा की नाही ते ठरवा.