नाते गावचे अर्थमंत्री

महाडहून रायगडाकडे निघालं की पाचाडच्या आधी नाते लागतं. गडाच्या ओढीनं निघालेली माणसं तिथे सहसा थांबत नाहीत. चिंतामण द्वारकानाथ देशमुखांचा जन्म याच गावातला, १४ जानेवारी १८९६चा. वडील वकील. बालपण गेलं रोह्यात. जुलै १९५६मध्ये मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडलं, आणि आपल्याकडे त्यांची तेवढीच गोष्ट शिल्लक राहिली: कोकणातला बाणेदार माणूस दिल्लीला सुनावून आला. गोष्ट खरी आहे, पण ती मधूनच सुरू होते.

चिंतामणराव मुळात परीक्षांचे राजे. १९१२ साली मॅट्रिकला पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनीच पटकावली. मॅट्रिकची ही शिष्यवृत्ती म्हणजे जुन्या पिढीसाठी हुशारीवरचा शिक्काच. पुढे केंब्रिजला जाऊन शिकले काय, तर वनस्पतीशास्त्र, रसायन आणि भूगर्भशास्त्र! १९१८ला आयसीएसच्या, म्हणजे ब्रिटिशकाळातल्या वरिष्ठ सनदी सेवेच्या परीक्षेतही पहिला नंबर. संस्कृत मात्र सुटलं नाही. त्यांनी ‘मेघदूता’चा मराठीत समवृत्त, म्हणजे मूळच्याच वृत्तात, अनुवाद केला. ज्याला कदंब आणि केतकी काव्यातूनही ठाऊक आणि पुस्तकातल्या वर्गीकरणातूनही, असा अनुवादक कालिदासाला क्वचितच मिळाला असेल.

नोकरीची पहिली वर्षं मध्य प्रांत आणि वऱ्हाडात गेली. ऑगस्ट १९४३मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले. त्या खुर्चीवर बसणारे पहिले भारतीय. पुढल्याच वर्षी ब्रेटन वुड्सच्या परिषदेला भारताच्या शिष्टमंडळात होते. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक यांचा पाया तिथेच घातला गेला. फाळणी झाली तेव्हा नव्या पाकिस्तानची मध्यवर्ती बँक म्हणूनही काही महिने हीच बँक काम पाहत होती. खासगी भागधारकांची बँक १ जानेवारी १९४९ला सरकारी झाली, तीही त्यांच्याच कारकिर्दीत.

इथवरच्या प्रवासात कुणाकडे एक मत मागायची वेळ आली नव्हती. १९५० साली नेहरूंनी त्यांना अर्थमंत्री केलं. १९५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते काँग्रेसतर्फे कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर गेले. आजचा रायगड जिल्हा तेव्हा कुलाबा म्हणून ओळखला जाई. माझ्या मते पुढच्या राजीनाम्याचं एक मूळ इथे आहे. इतकी वर्षं ते वरिष्ठांना उत्तर देत आले होते. आता रोहा, महाड, अलिबागला उत्तर देणं भाग होतं.

१९५५च्या शरदात राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल आला. त्यात मराठी भाषकांचं एक राज्य नव्हतंच: विदर्भ वेगळा आणि मुंबईसह उरलेलं मराठी-गुजराती द्वैभाषिक. मग काँग्रेसनं त्रिराज्याची योजना पुढे आणली, म्हणजे महाराष्ट्र, गुजरात आणि मुंबई वेगवेगळे. २१ नोव्हेंबरला मुंबईत फ्लोरा फाउंटनला निदर्शकांवर पोलिसांचा गोळीबार झाला. १६ जानेवारी १९५६ला नेहरूंनी आकाशवाणीवरून मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय सांगितला आणि शहर पेटलं. पुन्हा गोळ्या चालल्या.

त्याच आठवड्यातला हा योगायोग पाहा. १९ जानेवारीला खुद्द देशमुखच आकाशवाणीवर बोलले, आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाविषयी. अडीचशेच्या आसपास विमा संस्था एका वटहुकमानं सरकारच्या ताब्यात आल्या, त्यातूनच पुढे एलआयसी उभी राहिली. कारकिर्दीतला सगळ्यात धाडसी निर्णय आणि राजीनाम्याचं कारण, दोन्हींत तीन दिवसांचं अंतर.

पद सोडायची तयारी त्यांनी जानेवारीतच दाखवली होती. जूनमध्ये मुंबईत काँग्रेस महासमितीपुढे नेहरूंनी शहर पाच वर्षं केंद्राकडे राहील असं जाहीर केलं. जुलैत देशमुख बाहेर पडले. लोकसभेतल्या त्यांच्या निवेदनात मराठी माणसाच्या दुखावलेल्या मनाबद्दल होतंच. पण निम्मा रोख होता कार्यपद्धतीवर: एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळापुढे रीतसर आलाच नाही, आणि गोळीबाराची न्यायालयीन चौकशी व्हावी ही मागणी कुणी ऐकली नाही. फायलीवर टिपण नसताना निर्णय झाला की जुना आयसीएस अधिकारी जसा अस्वस्थ होईल, तसंच ते बोलणं होतं. आपण मात्र बाणा तेवढा लक्षात ठेवला.

१ नोव्हेंबर १९५६ला मुंबईसह मोठं द्वैभाषिक राज्य आलं, आणि महाराष्ट्र १ मे १९६०ला. त्यांचं राजकारण तसं तिथेच संपलं. १९६९ला राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवली, त्यात तिसरे आले. राजीनाम्यानंतर ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले, पुढे दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू. १९५७च्या निवडणुकीत मुंबईसह मराठी राज्यासाठी लढणाऱ्या संयुक्त महाराष्ट्र समितीनं पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला लोळवलं. त्याच वर्षी देशमुखांचं एक छोटं पुस्तक आलं: गांधीजींची शंभर वचनं, संस्कृत श्लोकांत.