विज्ञान सांगायला शिकवणारे एकत्र का येऊ लागले

विजेवरच्या शोधांसाठी ओळखला जाणारा शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडे व्याख्यानाला उभा राहिला की त्याच्यासमोर एक कार्ड ठेवलेलं असे. त्यावर एकच शब्द : 'सावकाश'. बोलण्याच्या भरात त्याचं तिकडे लक्ष गेलं नाही, तर मदतनीस अँडरसननं ते पुन्हा पुढ्यात ठेवायचं, अशी सूचनाच होती. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये शुक्रवार संध्याकाळची व्याख्यानं सुरू झाली १८२५ साली. पण त्याआधी १८१३ मध्येच, एकविशीतल्या फॅरेडेनं अ‍ॅबट नावाच्या मित्राला पत्रांतून व्याख्यानांबद्दल सविस्तर लिहिलं होतं. सभागृहात हवा खेळती हवी, तासाभराहून जास्त बोलू नये, असं बरंच काही. पुढे त्यानं वक्तृत्वाची शिकवणीही लावली.

म्हणजे विज्ञान सांगणं ही शिकण्याची गोष्ट आहे, हे दोनशे वर्षांपूर्वीच कळलं होतं. शिकवायला मात्र मिळाला तो उच्चार-आवाजाचा मास्तर. विज्ञानसंवादाचा मास्तर असा कुणी नव्हताच, आणि पुढची दीडशे वर्षं त्याची निकड कुणाला फारशी भासली नाही.

निकड आली ती वरून. १९८५ साली ब्रिटनमधल्या रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेच्या वॉल्टर बॉडमर समितीनं शास्त्रज्ञांना बजावलं की, लोकांशी बोलणं हे तुमचं कर्तव्य आहे, ते शिकून घ्या. १९९१ मध्ये इम्पीरियल कॉलेजात विज्ञानसंवादाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. अमेरिकेत १९९७ पासून राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठान संशोधनाच्या प्रस्तावात 'याचा समाजाला काय उपयोग' हेही निकष म्हणून तपासू लागलं. अनुदानाशी गाठ पडल्यावर कार्यशाळांना मागणी येणारच.

ती भागवायला जो तो आपापली शिदोरी घेऊन आला. पत्रकारांनी बातमीचा पहिला परिच्छेद लिहायला शिकवलं. अभिनेते अ‍ॅलन अल्डा यांनी नाटकातले उत्स्फूर्त खेळ आणले; आज त्यांच्या नावानं ओळखलं जाणारं केंद्र अमेरिकेतल्या स्टोनी ब्रुक विद्यापीठात २००९ मध्ये सुरू झालं. त्यातला आरशाचा खेळ पाहण्यासारखा असतो. दोघं समोरासमोर उभे राहतात, एक हात हलवतो, दुसऱ्यानं त्याच क्षणी तसंच करायचं. 'आरसा' मागे पडू नये म्हणून पहिल्याला वेग आवरावाच लागतो. फॅरेडेच्या कार्डाचंच काम, फक्त इथे सावकाश जायला समोरचा माणूस लावतो. शास्त्रज्ञांना संवाद शिकवणाऱ्या कंपास या संस्थेनं मुद्द्यांची चौकट काढली : मधोमध विषय, भोवती समस्या, उपाय, फायदे आणि 'मग काय?' हा बोचरा प्रश्न.

साधनं चांगली होती. गृहीतक मात्र बरेचदा जुनंच : लोकांना माहिती कमी आहे, ती नीट ओतली की झालं. हे कसं फसतं ते इंग्लंडमधल्या कंब्रियाच्या मेंढपाळांनी दाखवलं होतं. १९८६ मध्ये चेर्नोबिलच्या अणुदुर्घटनेचा किरणोत्सारी पाऊस तिथल्या डोंगरांवर पडला. मेंढ्यांच्या विक्रीवर बंदी आली, 'तीन आठवड्यांत संपेल' या आश्वासनासह. शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला होता किरणोत्सारी सीझियम धरून ठेवणाऱ्या चिकणमातीचा. डोंगरावरच्या आम्लधर्मी, कुजलेल्या गवताच्या मातीत सीझियम मोकळंच राहिलं आणि पुन्हा पुन्हा गवतात उतरलं. काही शेतांवरचे निर्बंध उठायला २०१२ उजाडलं. मधल्या काळात एका प्रयोगासाठी मेंढ्या कुंपणात कोंडल्या, तेव्हा मेंढपाळ म्हणाले होते की अशा त्या खंगतील. कुणी ऐकलं नाही. नंतर तो प्रयोग गुपचूप गुंडाळला गेला. समाजशास्त्रज्ञ ब्रायन विन यांनी हे सगळं नोंदवलं. त्या शास्त्रज्ञांना कितीही छान बोलायला शिकवलं असतं, तरी ऐकायचं राहिलंच असतं. २००० साली ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सच्या समितीनंही उपदेशापेक्षा संवादावर भर दिला.

या धक्क्यानंतर प्रशिक्षकांना एकमेकांची गरज भासू लागली, असं मला वाटतं. एकट्या माणसाला आपलं शिकवणं चालतं की नाही, हे कळायला मार्गच नसतो. दिवसअखेरीस भरून घेतलेल्या फॉर्मवर सगळे 'उत्तम' लिहितात. चहा चांगला असला तरी लिहितात. संवादाचे अभ्यासक जॉन बेझली, अँथनी डूडो आणि सहकाऱ्यांनी उत्तर अमेरिकेतल्या प्रशिक्षकांशी बोलून पाहिलं, तेव्हा भर कौशल्यांवर दिसला. ती कशासाठी वापरायची, यावर कमी. कनेक्टिकट विद्यापीठात मार्गारेट रुबेगा यांच्या गटानं प्रशिक्षण घेतलेल्या आणि न घेतलेल्या विद्यार्थ्यांचे व्हिडिओ श्रोत्यांकडून तपासून घेतले. फरक जवळपास दिसलाच नाही. असा निकाल एकट्यानं पचवणं कठीण, कारण तो थेट पोटावर येतो.

विज्ञानसंवादाच्या अभ्यासकांचं आणि काम करणाऱ्यांचं आंतरराष्ट्रीय जाळं होतंच. त्याची पहिली परिषद १९८९ मध्ये फ्रान्समधल्या प्वातिए इथे भरली. पण 'मी शिकवणारा' ही वेगळी ओळख उशिरा आली. अडचणही उघड आहे. बरेच जण स्वतंत्रपणे काम करतात. एखादा खेळ, एखादा तक्ता हेच त्यांचं भांडवल. तो वाटून टाकायचा, तर पुढचं काम शेजाऱ्याला जायचं. अशा मंडळींना एका छताखाली आणायचं, तर आधी फसलेल्या कार्यशाळांबद्दल बोलावं लागतं, कारण त्यावर कुणाचा मालकी हक्क नसतो. प्रमाणपत्राचा वाद त्यानंतर येतो : ते ठेवलं तर रंगभूमीवरून आलेले, पदवी नसलेले लोक बाहेर राहण्याची भीती, न ठेवलं तर विद्यापीठानं कुणाला बोलवायचं, ते कशावरून ठरवायचं?