गोळीचा आकडा आणि नळीची लांबी

अमेरिकेत गेल्या काही वर्षांत तरफेच्या रायफलींना पुन्हा मागणी आली आहे. चापाभोवतीची कडी खाली ओढली की रिकामी पुंगळी बाहेर पडते, वर ढकलली की नवे काडतूस नळीत बसते. १८६०ची हेन्री, १८७३ची विंचेस्टर, जॉन ब्राउनिंगने आखलेली १८९४ची विंचेस्टर अशी ही जुनी परंपरा आहे. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्कसारख्या राज्यांत अर्धस्वयंचलित रायफलींच्या काही प्रकारांवर कडक बंधने आहेत आणि हाताने चालवायच्या तरफेच्या रायफली त्यांतून सुटतात. त्यामुळे घराच्या रक्षणासाठी त्या घेणारे लोक वाढले आणि त्यांच्याबरोबर एक प्रश्नही आला, कॅलिबर, म्हणजे इंचात सांगितलेली गोळीची जाडी, कोणते घ्यावे? उत्तरे देणाऱ्यांच्या बोलण्यात एक समजूत हमखास असते. गोळी जेवढी जाड, तेवढा माणूस जोरात मागे फेकला जातो. सिनेमात तसे दिसते खरे. भौतिकशास्त्राला मात्र ते मान्य नाही.

हिशेब आठवीच्या गणिताचा आहे. पॉइंट ३५७ मॅग्नम या काडतुसातली नेहमीची गोळी १०.२ ग्रॅमची असते आणि रायफलीतून ती सेकंदाला साधारण ५३० मीटर वेगाने निघते. वस्तुमान गुणिले वेग, म्हणजे संवेग आला सुमारे ५.४ किलोग्रॅम मीटर प्रति सेकंद. आता ताशी १४० किलोमीटर वेगाने टाकलेला क्रिकेटचा चेंडू घ्या. त्याचे वजन १६० ग्रॅमच्या आसपास, म्हणून त्याचा संवेग सहाच्या वर जातो. चेंडूचा संवेग गोळीपेक्षा जास्त आहे, आणि छातीवर चेंडू बसलेला फलंदाज काही यष्ट्यांवर उडून पडत नाही. ७५ किलोच्या माणसाच्या शरीरात ही गोळी अडकून राहिली तरी त्याला मागे जाण्याचा वेग मिळतो सेकंदाला जेमतेम ७ सेंटिमीटर. शिवाय न्यूटनचा तिसरा नियम आहेच. गोळीने समोरचा फेकला गेला असता, तर बंदूक चालवणाराही फेकला गेला असता.

मग फरक कशात आहे? ऊर्जेत. चेंडूची गतिज ऊर्जा सव्वाशे ज्यूलच्या आत, गोळीची १४०० ज्यूलच्या वर. संवेगात वेग एकदाच येतो, ऊर्जेत त्याचा वर्ग येतो, म्हणून हलकी पण वेगवान वस्तू धक्का थोडा देते आणि फाडते फार. ही ऊर्जा गोळीला मिळते कुठून, हा या सगळ्या प्रकरणातला मला सर्वांत सुंदर वाटणारा भाग आहे. कॅलिबरच्या वादात त्याचाच उल्लेख सर्वांत कमी होतो.

बंदुकीची आधुनिक दारू स्फोटक म्हणून वागत नाही, ती जळते. फार वेगाने, पण थराथराने. फ्रेंच तोफखान्यातले अधिकारी गियोम पियोबेर यांनी १८३९मध्येच सांगितले होते की दारूचा कण पृष्ठभागावर पेटतो आणि आत आत समांतर थरांनी झिजत जातो. पुढे पॉल व्हिएय यांनी १८८४मध्ये नायट्रोसेल्युलोजपासून बिनधुराची दारू तयार केली आणि जळण्याचा नियमही बांधला. तो असा: कण झिजण्याचा वेग भोवतालच्या दाबाच्या एका घाताच्या प्रमाणात वाढतो, आणि बंदुकीच्या नळीतल्या दाबांना तो घात एकाच्या थोडा खाली असतो. म्हणजे दाब दुप्पट झाला की जळणेही जवळजवळ दुप्पट वेगाने. जळण्याने वायू होतो, वायूने दाब वाढतो, दाबाने जळणे वाढते. हे चक्र मोकळे सोडले तर नळी फुटेल.

त्याला वेसण घालते ती गोळीच. दाब वाढताच ती पुढे सरकते, तिच्या मागची जागा वाढते आणि दाब उतरू लागतो. दाबाचे शिखर येते तेव्हा गोळी बहुधा एक-दोन सेंटिमीटरच सरकलेली असते. ३५७ मॅग्नमसाठी अमेरिकी उद्योगाने ठरवलेली कमाल मर्यादा आहे चौरस इंचाला ३५,००० पौंड, म्हणजे वातावरणाच्या सुमारे २,४०० पट. गोळीच्या बुडाचे क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरचे जेमतेम दोन तृतीयांश, तरी तिच्यावर त्या क्षणी दीड टनाहून जास्त वजनाइतके बल असते. दहा ग्रॅमच्या वस्तूवर! त्वरण गुरुत्वत्वरणाच्या दीड लाख पटींच्या घरात जाते.

शिखरानंतर दाब घसरतो, पण शून्य होत नाही, आणि तो आहे तोवर गोळीचा वेग वाढतोच. दाब आणि नळीतले अंतर यांचा आलेख काढला, तर त्या वक्राखालचे क्षेत्रफळ गुणिले गोळीच्या बुडाचे क्षेत्रफळ, एवढे कार्य वायूने गोळीवर केले. घर्षण वजा जाता तीच गोळीची ऊर्जा. आता हीच बेरीज दोन नळ्यांसाठी करून बघू. चार इंची रिव्हॉल्वरमधून तीच गोळी साधारण ३८० मीटर वेगाने निघते, ऊर्जा ७३५ ज्यूलच्या आसपास. अमेरिकी कायद्याने रायफलीची नळी निदान १६ इंचांची असावी लागते. त्या नळीतून वेग ५३०च्या जवळ जातो आणि ऊर्जा जवळपास दुप्पट होते. काडतूस तेच, दारू तीच, साधारण एक ग्रॅम. त्या एका ग्रॅममध्ये चार किलोज्यूलच्या आसपास ऊर्जा असते. रिव्हॉल्वर तिचा पाचव्या हिश्श्याहूनही कमी भाग गोळीला देते, रायफल तिसऱ्या हिश्श्याहून थोडा जास्त. बाकीची ऊर्जा गरम वायू, आवाज, उजेड आणि तापलेल्या धातूत जाते. रिव्हॉल्वरमध्ये फिरते चक्र आणि नळी यांच्यामधल्या फटीतूनही थोडा वायू निसटतो.

असा फायदा प्रत्येक काडतुसाला मिळत नाही. दारूचे कण बारीक असतील, तर पृष्ठभाग जास्त म्हणून ती झटकन संपते आणि लांब नळीच्या पुढच्या भागात ढकलायला फारसे काही उरत नाही. कणाला आरपार भोके पाडली, तर बाहेरून पृष्ठभाग घटताना आतून वाढतो आणि वायूचा पुरवठा टिकून राहतो. कणांवर जळणे मंदावणारा लेपही देतात. मॅग्नम काडतुसांत सहसा अशी सावकाश जळणारी दारू भरतात, म्हणून लांब नळी त्यांना मानवते. ३८ स्पेशल या सौम्य काडतुसात दाबाची मर्यादा चौरस इंचाला १७,००० पौंडच, दारू थोडी. तिची साधी गोळी रायफलीतूनही सेकंदाला ३०० मीटरच्या आसपासच निघते.

म्हणून नुसत्या कॅलिबरच्या आकड्यावर बोलणे अपुरे आहे. त्या आकड्यांतही गोंधळ आहे. ३८ स्पेशलच्या गोळीचा व्यास प्रत्यक्षात पॉइंट ३५७ इंचच असतो, आणि ४४ मॅग्नमचा पॉइंट ४२९. १९३५मध्ये ३५७ मॅग्नम आले तेव्हा त्याची पुंगळी ३८ स्पेशलपेक्षा सुमारे साडेतीन मिलिमीटरने लांब केली, ती जुन्या, नाजूक रिव्हॉल्वरमध्ये बसू नये म्हणून. उलट दिशेने मात्र चालते. ३५७च्या बहुतेक रायफलींत ३८ स्पेशलही वापरता येते.

आता घरात येऊ. अमेरिकेतल्या बहुसंख्य घरांच्या आतल्या भिंती लाकडी चौकटीवर दोन्ही बाजूंनी अर्ध्या इंचाचे जिप्समचे पत्रे ठोकून केलेल्या असतात. आपल्याकडच्या विटांच्या भिंतीशी त्यांची तुलनाच नको. एफबीआय या अमेरिकी तपाससंस्थेने १९८६मध्ये मायामीत दरोडेखोरांशी झालेल्या चकमकीनंतर गोळ्यांची चाचणी मांसाच्या जागी दहा टक्के जिलेटिनच्या ठोकळ्यावर घ्यायला सुरुवात केली आणि १२ ते १८ इंच खोल जाणारी गोळी योग्य मानली. एवढे खोल जाऊ शकणारी कोणतीही गोळी जिप्समच्या अनेक भिंती सहज भेदते. नेम चुकला की पलीकडच्या खोलीतले मूल तिच्या वाटेत येते. ३०-३० या रायफलीच्या काडतुसाची गोळी अडीच हजार ज्यूलहून जास्त ऊर्जा घेऊन निघते. ४५-७० हे तर १८७३मधले लष्करी काडतूस. त्याच्या पारंपरिक २६ ग्रॅमच्या गोळीचा संवेग ३५७च्या जवळजवळ दुप्पट असतो. तेवढ्याच वजनाच्या रायफलीला मागे येण्याचा वेगही साधारण दुप्पट आणि खांद्यावर येणारी ऊर्जा चौपट. दुसरी गोळी नेमाने झाडायला तितका उशीर. हरणाच्या किंवा अस्वलाच्या शिकारीसाठी ही काडतुसे उत्तम आहेत, पण झोपेच्या खोलीशेजारी त्यांची जागा नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘एका गोळीत गडी आडवा’ अशा जाहिराती आणि माणूस थांबवण्याच्या शक्तीचे गुणांक छापणारे तक्ते यांना मी ताईत-गंड्यांच्या दुकानापेक्षा वेगळे मानत नाही. असा एक आकडा शरीरात अस्तित्वातच नसतो. गोळी कुठे लागली आणि किती खोल गेली, यावर सगळे ठरते. त्याच तक्त्यांशेजारी आणखी एक आकडा छापायला हवा. आर्थर केलरमन आणि सहकाऱ्यांनी १९९३मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये दाखवले की घरात बंदूक असण्याशी त्या घरात खून होण्याच्या वाढलेल्या धोक्याचा संबंध आहे, साधारण २.७ पट. संबंध म्हणजे कारण नव्हे, आणि त्या अभ्यासावर वादही झाले. तरीही बंदूक कुलपात आहे की उशाशी, हा प्रश्न कॅलिबरच्या आधीचा आहे.

बहुतेक तरफेच्या रायफलींत काडतुसे नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक बसतात आणि एकाचे टोक पुढच्याच्या बुडातल्या टोपीला टेकते. टोक अणकुचीदार असले, तर धक्क्याने टोपी पेटण्याचा धोका असतो, म्हणून या रायफलींच्या गोळ्या चपट्या नाकाच्या असतात किंवा त्यांना मऊ प्लास्टिकचे टोक असते. चपट्या नाकाची गोळी हवेत वेग लवकर गमावते. दोनशे मीटरवर ही उणीव जाणवते, घरातल्या पाच-सात मीटरवर ती शून्य.

आवाजाचा विचार करता माझे मत ३८ स्पेशलकडे झुकते. गोळी नळीतून सुटते तेव्हा मागे जेवढा दाब उरलेला असेल, तेवढा भडका मोठा. थोडी दारू आणि लांब नळी असली की वायू आतच बराच प्रसरण पावून थंड होतो. गोळी ध्वनीच्या वेगाखाली राहिली, तर तिच्या मागे आघातलहरीचा कडाकाही उठत नाही. तरी कानाला इजा होतेच, कारण बंद खोलीत कोणत्याही रायफलीचा आवाज १४० डेसिबलची सुरक्षित मर्यादा ओलांडू शकतो. फक्त ती इजा कमी होते. काही रायफलींत ही आखूड काडतुसे नीट सरकत नाहीत, म्हणून विकत घेण्याआधी सरावाच्या मैदानावर नेमके तेच काडतूस त्याच रायफलीतून चालवून पाहावे.