गिंको

गिंको ही जपानमधली पद्धत आहे. हायकू म्हणजे अगदी छोटी जपानी कविता, ती लिहिणाऱ्यांच्या एखाद्या गटाने मिळून बाहेर फिरायला जायचं, तिथे जे दिसेल, ऐकू येईल, अंगाला जाणवेल त्यावर तिथल्या तिथे हायकू लिहायचे आणि शक्यतो त्याच दिवशी एकत्र बसून ते सगळ्यांसमोर ठेवायचे. या बैठकीला कुकाई म्हणतात आणि खरं सांगायचं तर गिंकोची सगळी गंमत समजायची तर कुकाई समजून घ्यावी लागते, नुसती निसर्गात भटकंती म्हणून याकडे पाहिलं तर अर्धीच गोष्ट हाती येते.

जागा लांबची लागत नाही. जवळचं देऊळ, बाग, नदीकाठ, बाजार, काहीही चालतं, आणि हंगाम बघून ठरवतात, म्हणजे प्लमचा बहर, चेरीचा बहर, काजवे, शरदातली लाल पानं असं. तिथे पोचल्यावर माणसं पांगतात, जो तो आपली वही घेऊन आपापल्या कोपऱ्यात. पाऊस आला तर तोही कामाचाच, कारण पारंपरिक हायकूत ऋतू सांगणारा एक शब्द, किगो, लागतोच. कुठला शब्द कुठल्या ऋतूचा याचे कोश असतात, त्यांना साइजिकी म्हणतात, त्यात चार ऋतू आणि नव्या वर्षाचा वेगळा पाचवा भाग असतो आणि बरेच जण फिरायला निघताना असा छोटा कोश खिशात ठेवतात. एखादं रोपटं दिसलं, नाव माहीत नाही, तर शेजारच्याला विचारायचं. गटाने जाण्याचा हा मोठाच फायदा आहे, कुणाला पक्षी कळतात, कुणाला झाडं, कुणाला देवळातले विधी.

मग ठरलेल्या वेळेला सगळे एका खोलीत जमतात. प्रत्येकाने ठरल्याइतके हायकू द्यायचे, एका चिठ्ठीवर एकच, आणि चिठ्ठीवर नाव घालायचं नाही. चिठ्ठ्या गोळा करून मिसळायच्या, पुन्हा सगळ्यांना वाटायच्या आणि आपल्या वाट्याला आलेल्या चिठ्ठ्या प्रत्येकाने एका कोऱ्या कागदावर उतरवून काढायच्या, म्हणजे अक्षरावरूनसुद्धा कुणाचं लिखाण ते ओळखू येत नाही. हे कागद हातोहात फिरतात, प्रत्येकजण आवडलेले हायकू निवडतो (स्वतःचा निवडायचा नाही), निवडलेले मोठ्याने वाचले जातात आणि तेव्हा कुठे ज्याचा असेल तो आपलं नाव सांगतो. शाळेतली पोरगी आणि गटाचे गुरुजी दोघांच्या ओळी एकाच कागदावर, एकाच अक्षरात येतात. मला ही व्यवस्था फार मोलाची वाटते. आपल्याकडच्या कविसंमेलनात आधी नाव पुकारतात, मग आवाज येतो आणि मग कविता, इथे कविता आधी येते. आणि सगळ्यांनी तोच ओढा, तेच देऊळ बघितलेलं असल्यामुळे कोण नीट बघून आलाय आणि कोण घरूनच सुंदर शब्द घेऊन आलाय हे लगेच कळतं.

प्रवासात लिहिण्याची परंपरा जुनी आहे. हायकूचा जुना थोर कवी बाशो १६८९ मध्ये सोरा या शिष्याला घेऊन एदोहून म्हणजे आजच्या टोकियोहून उत्तरेकडे पायी निघाला तो प्रवास प्रसिद्धच आहे. पण आजच्या गिंकोमागची दृष्टी मुख्यतः मासाओका शिकी (१८६७–१९०२) या आधुनिक हायकू घडवणाऱ्या कवीची. चित्रकार मित्रांकडून त्याने समोरचं बघून रेखाटन करण्याची कल्पना घेतली आणि ती कवितेला लावली, वही-पेन्सिल घेऊन टोकियोच्या नेगिशी भागात तो हिंडायचा. पुढे क्षयाने मणका पोखरला, अंथरूण सुटेना, तेव्हा लोकच त्याच्या घरी जमायचे. सप्टेंबर १९०० मधल्या अशाच एका कुकाईत विषय होता कोंबडा, म्हणजे तुऱ्यासारखं लाल फूल येतं ते झाड, जे त्याच्या अंगणात होतं. शिकीने लिहिलं ते एवढंच की कोंबड्याची चौदा-पंधरा झाडं असतील. बैठकीत याला जेमतेम दोन मतं पडली. पुढे त्याचा शिष्य ताकाहामा क्योशी याने शिकीचे निवडक हायकू काढले त्यातही हा घेतला नाही, आणि सैतो मोकिचीसारख्या कवीने मात्र तो डोक्यावर घेतला. या एका हायकूवरून जपानी समीक्षकांचे वाद वर्षानुवर्षं चालले. बैठकीतली मतं म्हणजे त्या दिवशीची आवड, याहून जास्त वजन त्यांना देऊ नये हे यातून चांगलं दिसतं.

शिकीच्या मात्सुयामा गावात आज ठिकठिकाणी हायकू टाकायच्या पेट्या आहेत, फिरायला आलेला कुणीही तिथे लिहून टाकू शकतो.

मराठीत हायकू रुजवला तो शिरीष पै यांनी, १९७०च्या दशकापासून. पण आपल्याकडे हायकू बहुतेक एकट्याने, घरात बसून लिहिला जातो असं दिसतं. गिंको करायला खर्च काहीच नाही, वह्या, चिठ्ठ्या आणि बसायला जागा एवढंच. अडचण एकच, जपानी ऋतुकोश आपल्या कामाचा नाही. चेरी आणि बर्फ घेऊन आपण काय करणार? आपल्याला आंब्याचा मोहोर, वळीव, भंडारदऱ्याकडचे जूनमधले काजवे, पेरणी, पोळा, सुगी, हुरडा असे शब्द लागतील, आणि तेसुद्धा प्रत्येक गटाला आपल्या भागापुरते जमवावे लागतील, कारण कोकणातला वैशाख आणि विदर्भातला वैशाख एक नाही.