पटकथा देण्याआधी एक वाक्य द्या

आमच्याकडे पटकथा वाचायला देताना अर्जाच्या पहिल्याच रकान्यात आम्ही लॉगलाइन मागतो. बरेच जण तो रकाना सगळ्यात शेवटी, घाईघाईत भरतात. निर्मात्याच्या टेबलावर मात्र पटकथेच्या आधी हेच वाक्य पोहोचतं.

लॉगलाइन म्हणजे साधारण 25-30 शब्दांत कथेचा पेच. पोस्टरवरची टॅगलाइन वेगळी. तिने कथेतलं काहीच सांगितलं नाही तरी चालतं, लॉगलाइनला ती मुभा नाही.

बहुतेकांनी पाहिलेला ‘श्वास’ (2004) घ्या. आमच्याकडच्या अर्जांच्या थाटात लिहायचं तर:

‘आजोबा आणि नातवाच्या हळव्या नात्याची, काळजाला भिडणारी कहाणी.’

यात खोटं काही नाही, पण हेच वाक्य आणखी पन्नास चित्रपटांना चिकटवता येईल. आणि काळजाला भिडते की नाही, ते वाचणाऱ्याला ठरवू द्या की! आता हे पाहा:

‘कॅन्सरमधून नातवाचा जीव वाचवायचा तर शस्त्रक्रियेत त्याची दृष्टी कायमची जाणार, कोकणातल्या खेड्यातून शहरात आलेल्या आजोबांना हे त्या चिमुरड्याला त्याआधीच सांगायचं आहे.’

जीव आणि दृष्टी, दोन्ही मिळणार नाहीत. शस्त्रक्रियेमुळे वेळेचं बंधनही आपोआप आलं. आजोबांचं नाव कुठेच नाही, तरी खेड्यातल्या या माणसाला शहरातलं रुग्णालय किती परकं वाटत असेल, ते कळतं. चित्रपटात डॉक्टर आहेत, समाजसेविका आहे. त्यांना इथे जागा नाही. आजोबा पुढे काय करतात, ते सारांशात लिहायचं.

तुमच्या वाक्यात एक गोष्ट शोधा: नायकाने काहीच केलं नाही, तर काय बिघडेल? उत्तर सापडत नसेल तर अडचण बहुधा पटकथेतच असते. असं दिसलं की वाचनाची फी घेण्याआधी आम्ही तुम्हाला फोन करतो. अनेक पात्रांच्या कथेला हा साचा बसत नाही. तिथे सगळ्यांना एकत्र आणणारी घटना लिहा, पात्रांची यादी नको.

कल्पना चोरीला जाईल म्हणून काही जण मुद्दाम मोघम लिहितात. त्याने काही साधत नाही. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स खटल्यात स्पष्ट केलं आहे. संरक्षण मिळतं ते लिहून काढलेल्या मांडणीला. त्यामुळे सारांश किंवा पटकथेची आधी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदणी करा (त्यासाठी सभासद व्हावं लागतं) आणि मग लॉगलाइन मोकळेपणाने लिहा.

एकाच कथेच्या दोन-तीन लॉगलाइन पाठवल्यात तरी चालेल. त्यातली तुमची आवडती कोणती, ते मात्र आम्हाला आधी सांगू नका.