शिकवण्याचा ठिय्या: विद्यापीठांतल्या ग्लोबल सिक्युरिटीच्या कार्यक्रमांची पार्श्वभूमी

युक्रेन असो, गाझा असो नाहीतर अण्वस्त्रांचा विषय असो, काही मोठं घडलं की आठवड्याभरात अमेरिकेतल्या कुठल्या तरी विद्यापीठाच्या ग्लोबल सिक्युरिटीवरच्या, म्हणजे सगळ्या जगाच्या सुरक्षिततेवरच्या, चर्चेचं पोस्टर फिरायला लागतं. सर्वांसाठी खुलं, प्रवेश मोफत, शेवटी प्रश्नोत्तरं. तिकडे शिकणारी आपली मुलं घरच्या ग्रुपवर लिंक टाकतात आणि इथे आपण रात्री जेवणं उरकून हेडफोन लावून बसतो. युद्धाबद्दल, परराष्ट्र धोरणाबद्दल सरकारच्या माणसाला किंवा प्रोफेसरला कुणीही उठून प्रश्न विचारू शकतो हे आता इतकं अंगवळणी पडलंय की ते आधीपासून असंच असणार असं वाटतं. तसं नव्हतं.

आधी भाषणं होती, नाही असं नाही. ज्या शिकागो विद्यापीठात स्टेडियमच्या स्टँडखाली २ डिसेंबर १९४२ ला पहिली नियंत्रित अणू साखळी प्रक्रिया घडवली, तिथलेच काही शास्त्रज्ञ १९४५ नंतर अणुबॉम्ब म्हणजे काय ते लोकांना समजावून सांगायला लागले. पण जाणकार बोलणार आणि बाकीचे ऐकणार, असाच तो मामला होता.

बदल झाला तो १९६५ च्या मार्चमध्ये, मिशिगन राज्यातल्या अ‍ॅन आर्बर गावी, मिशिगन विद्यापीठात.

तिथल्या प्राध्यापकांना व्हिएतनाम युद्धाचा राग का आला ते आधी बघायला हवं. २२ मे १९६४ ला अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष याच गावातल्या फुटबॉल स्टेडियममध्ये पदवीदानाला आले होते, गरिबी आणि वंशभेद संपवण्याबद्दल मोठं भाषण करून गेले. नोव्हेंबरच्या निवडणुकीत यातल्या बऱ्याच प्राध्यापकांनी त्यांना पाठिंबा दिला, का तर समोरचा उमेदवार युद्धखोर आणि हा माणूस शांततेचा. आणि मग २ मार्च १९६५ ला उत्तर व्हिएतनामवर अमेरिकेची सलग बॉम्बफेक सुरू झाली, ८ मार्चला दक्षिण व्हिएतनाममधल्या दा नांगच्या किनाऱ्यावर सुमारे ३,५०० मरीन सैनिक उतरले. फसवणूक झाली ही भावना होती, आणि मला विचाराल तर ती रास्तच होती.

आता इथून पुढचा जो निर्णय आहे ना, त्यावर आजही लोक भांडतात. पहिला बेत साधा होता, एक दिवस तास घ्यायचे नाहीत, काम बंद, आणि त्या दिवशी फक्त व्हिएतनामवर बोलायचं. पन्नासच्या आसपास प्राध्यापक तयार झाले. बातमी बाहेर गेली आणि गहजब झाला. गव्हर्नर बोलले, राज्याच्या सिनेटने निषेधाचा ठराव केला, सरकारी पगार घेऊन शिकवायचं सोडून राजकारण करतात म्हणून. कॅम्पसवरच्या सहकाऱ्यांतसुद्धा फूट पडली, युद्धाला विरोध असलेलेही म्हणायला लागले की मुलांचा तास बुडवणं आम्हाला पटत नाही.

मग एका घरी बैठक बसली ती पार उत्तररात्रीपर्यंत चालली. तिथे मानववंशशास्त्राच्या एका प्राध्यापकाने मुद्दाच उलटा केला. ते म्हणतात ना आपण शिकवण्यात कसूर करतोय, मग आपण जास्तच शिकवू, दिवसाचे तास नेहमीसारखे घेऊ आणि वर रात्रभर शिकवू. नाव पडलं टीच-इन. हा शब्द सिट-इनवरून आला, म्हणजे १ फेब्रुवारी १९६० ला ग्रीन्सबोरोमध्ये चार कृष्णवर्णीय विद्यार्थी फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या लंच काउंटरवर बसून राहिले, तिथपासून गाजलेला प्रकार. सिट-इनला आपल्याकडे चोख शब्द आहे, ठिय्या. टीच-इनला मात्र आपण कधी परिसंवाद म्हणतो कधी चर्चासत्र, आणि दोन्हीत त्यातला हट्ट निघून जातो. शिकवण्याचा ठिय्या म्हटलं तर जवळ जातं, उठणार नाही, शिकवतच बसणार.

काहींना ही सरळ माघार वाटली. संपाची हवा गेली, अधिकाऱ्यांना न दुखवता सगळं पार पडलं, असा आक्षेप. रात्रीचे हॉल आणि दिवे वापरायला विद्यापीठानेच परवानगी दिली हे खरंच आहे. पण आकडे बघा. पन्नासच्या जागी २०० च्या वर प्राध्यापक पाठीशी आले. आणि संपाच्या दिवशी जो विद्यार्थी घरी झोपून राहिला असता किंवा लांबूनच घोषणा देऊन गेला असता, तो रात्री हॉलमध्ये येऊन बसला. युद्धाच्या बाजूची मुलंही आपले फलक घेऊन आत आली. संपात तुम्ही समोरच्याशी बोलणंच बंद करता, इथे त्याला खुर्ची मिळाली. म्हणून ही माघार होती असं मला बिलकुल वाटत नाही.

प्रत्यक्ष रात्र २४ मार्चची, संध्याकाळी ८ पासून सकाळी ८ पर्यंत, एंजल हॉलमध्ये. अंदाज ५०० एक माणसांचा होता, आली ३,००० च्या आसपास. त्या काळी वसतिगृहातल्या मुलींना रात्री ठराविक वेळेला आत यावंच लागायचं, त्या रात्रीपुरती ती अट उठवली, आणि नुसत्या तेवढ्यानेच कितीतरी मुली पहिल्यांदा रात्रभर राजकारणावर बोलत बसल्या. मध्येच बॉम्ब ठेवलाय अशी धमकी आली. हॉल रिकामा करावा लागला आणि मिशिगनमधला मार्च म्हणजे थंडीने दात वाजणार, तरी लोक घरी गेले नाहीत, बाहेर उभं राहून भाषणं ऐकली, मग परत आत. मध्यरात्रीनंतर छोट्या वर्गखोल्यांत गट बसले, आणि खरं टीच-इन ते, कारण तिथे फळ्यापाशी उभ्या असलेल्या प्रोफेसरला पहिल्या वर्षाचा मुलगा अडवून विचारू शकत होता की हे तुम्हाला कुठून कळलं.

पुढचं वेगात झालं. लगोलग न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, मग काही आठवड्यांत डझनावारी कॅम्पसवर. परराष्ट्र खात्याने मध्य-पश्चिमेतल्या विद्यापीठांत सरकारची बाजू मांडायला आपली पथकं पाठवली, म्हणजे दखल घ्यावीच लागली. १५ मेला वॉशिंग्टनच्या हॉटेलात राष्ट्रीय टीच-इन झालं, टेलिफोनच्या तारांवरून शंभराहून जास्त कॅम्पसनी ते ऐकलं (आजच्या लाइव्हस्ट्रीमची आजीच म्हणा). ज्या बड्या सरकारी सल्लागाराशी वाद व्हायचा होता तो ऐनवेळी आलाच नाही. आठवड्याभराने कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या विद्यापीठात दीड दिवस कार्यक्रम चालला, गर्दी अफाट, पण तिथे दुसरी बाजू जवळपास नव्हतीच, आणि ही चर्चा नसून सभा आहे म्हणत एक प्राध्यापक बाहेर पडले. हा आक्षेप मला मान्य आहे. उलट १६ जूनला ऑक्सफर्डला ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री स्वतः विद्यार्थ्यांसमोर उभे राहिले आणि बीबीसीने ते दाखवलं.

नंतर विषय पसरत गेले. ४ मार्च १९६९ ला एमआयटी या अमेरिकेतल्या तंत्रज्ञान संस्थेत संशोधक आणि विद्यार्थ्यांनी एक दिवस काम थांबवून लष्करी संशोधनावर चर्चा ठेवली, म्हणजे अ‍ॅन आर्बरला टाळलेला संपाचा मार्ग तिथे थोडा परत आला. मार्च १९७० मध्ये अ‍ॅन आर्बरलाच पर्यावरणाचं टीच-इन झालं, २२ एप्रिलच्या पहिल्या अर्थ डेच्या, म्हणजे वसुंधरा दिनाच्या, सव्वाएक महिना आधी. ११ नोव्हेंबर १९८१ ला दीडशेच्या आसपास कॅम्पसवर एकाच दिवशी अणुयुद्धाच्या धोक्यावर कार्यक्रम झाले. ग्लोबल सिक्युरिटी हा शब्द खऱ्या अर्थाने रुळला तो त्यानंतरच, तोवर सगळं नॅशनल सिक्युरिटीच असायचं, म्हणजे आपल्या देशाला धोका कुणाचा एवढंच. सगळ्यांना मिळून धोका कशाचा हा प्रश्न आला तसे शीतयुद्धानंतर हवामान, साथीचे रोग, सायबर हेही त्यात आले. २०१५ मध्ये पन्नास वर्षं झाली तेव्हा अ‍ॅन आर्बरला परत टीच-इन भरलं, विषय होता हवामानबदल.

कोविडनंतर बरेच कार्यक्रम ऑनलाइन किंवा हॉल आणि ऑनलाइन असे दोन्हीकडे. त्यामुळे मी नाशिकमधून ऐकू शकतो हे मोठंच आहे, पण हॉलमधल्या वाटेवर ठेवलेला उभा माइक गेला. मध्यंतरी असाच एक कार्यक्रम ऐकत होतो, दीड तासाचा, चार वक्ते, प्रश्नांना शेवटची दहाएक मिनिटं. प्रश्न चॅटमध्ये टाईप करायचे आणि सूत्रसंचालक निवडून वाचणार, तेही दोन-तीन एकत्र करून गुळगुळीत शब्दांत. मी विचारलं होतं की हा अंदाज तुम्ही कशाच्या आधारावर केला. तो प्रश्न वाचलाच गेला नाही, आणि वेळ संपली म्हणून विंडो बंद झाली तेव्हा चॅटमध्ये अजून साठ-सत्तर प्रश्न तसेच पडून होते.